आमच्या घरचं बोलणं आणि एक कॅसेट

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. मला एकसष्टावं चालू होतं. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत माझं कोट शिवायचं दुकान, आणि पडद्यामागं आमचं स्वयंपाकघर. शाळा चौथीपर्यंत. पण मी कापलेला कोट कुणी उसवून सुधारला असं कधी झालं नाही, आणि माझा शब्द घरात कुणी मोडला असंही झालं नाही. ही दुसरी गोष्ट पूर्वी अभिमानानं सांगायचो. आता नुसती सांगतो.

त्या मार्चात पुण्याची एक मुलगी पिशवीची चेन बसवून घ्यायला आली. काम करता करता मी आत बायकोला काहीतरी म्हणालो, तिनं आतून उत्तर दिलं. मुलगी चेन विसरून ऐकतच राहिली. भाषाशास्त्रात एम.ए. करत होती, हेब्बाळकडं हॉस्टेलात राहायची.

"अण्णा, तुमच्या घरचं हे मराठी कुणी नीट टिपून ठेवलेलं नाही," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. ज्या बोलीला पुस्तक नाही ती माणसाकडून ऐकून कशी लिहायची, हे उन्हाळ्यात एका संस्थेत महिनाभर शिकवणार होते. पुढं संशोधनाला जायचं तर त्याचा उपयोग होता. तिच्या वर्गातून एकालाच घेणार. त्यासाठी एका घरातलं साधं बोलणं तासभर टेप करून, वहीत उतरवून द्यायचं. तिला ती जागा फार हवी होती. तोंडावर दिसत होतं.

मी हो म्हणालो. विद्यापीठ माझ्या दुकानात आलंय, असं मला वाटलं.

रविवारी मी कोट घालून बसलो. बायको पडद्याआडून म्हणाली, "नवरदेव दिसतायसा. घोडा बोलवू का?"

मी तिला गप्प केलं आणि वर्तमानपत्रातलं मराठी सुरू केलं. आमचे पूर्वज कोणत्या सरदाराबरोबर इकडं आले, तदनंतर काय झालं, सगळं. मुलगी मान हलवत होती, वहीत काही लिहीत नव्हती.

"अण्णा, छान आहे. पण अक्कांशी बोलता तसं बोला ना."

"ते घरातलं. पाहुण्यापुढं माणूस बनियनवर बसतो का?"

तरुणपणी पुण्याला एका लग्नात मी पंगतीत दोन वाक्यं बोललो होतो, तर सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून तिकडच्या माणसापुढं घरचं बोलणं काढायचं नाही, हे माझं ठरलेलं.

तिसऱ्या रविवारी मी मापं घ्यायला एका गिऱ्हाइकाच्या घरी गेलो होतो. परत आलो तर मुलगी स्वयंपाकघरात, तिचं टेपचं मशीन तांदळाच्या डब्यावर, आणि बायको बोलतेय:

"स्वल्प बस गे. वग्गरणी घालते, मग सांगते. माझी आई हुळीत बेल्ल घालायची. तुझ्या अण्णाला ते खपत नाय. म्हणून मी गुपचूप घालते. तीस वर्षं खातायत, अजून कळलं नाय."

स्वल्प म्हणजे जरा, वग्गरणी म्हणजे फोडणी, हुळी म्हणजे आमटी, बेल्ल म्हणजे गूळ. आमच्याकडं हेच शब्द. दोघी हसत होत्या.

"हे पुसून टाक," मी म्हणालो. "ती अडाणी बोलते."

"अण्णा, मला हेच हवं होतं. तास होत आलाय."

"पुसून टाक."

मुलीनं बायकोकडं बघितलं. बायको पातेल्यातच बघत होती. "सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. "ते म्हणतायत तर पूस गे."

घरच्यांची मर्जी नसेल तर ठेवायचं नाही, असं या विद्यार्थ्यांना शिकवलेलं असतं. मुलीनं कॅसेट मागं घेतली. तशीच नेली तर ती नंतर पुसणार नाही, असा माझा संशय. म्हणून मी तिथंच बसलो आणि त्याच कॅसेटवर, ती भरेपर्यंत, सरदाराचं पुन्हा सांगितलं. जेवताना बायकोनं रोजच्यासारखी हुळी वाढली.

श्रावणात बायकोला धाप लागली. आठ दिवसांत गेली. तेरावा झाल्यावर मी पेटी उघडली. तिचे फोटो तीन होते. आवाज कुठंच नव्हता.

मी बस धरून हेब्बाळला गेलो. मुलगी खाली आली. अक्का गेली म्हटल्यावर पायरीवरच बसली.

"ती कॅसेट आहे का गे?"

ती वर जाऊन मशीन घेऊन आली. बटण दाबलं. माझाच आवाज: "तदनंतर आमचे पूर्वज..."

"पुढं असेल," मी म्हणालो. तिनं पुढं केली. मीच होतो. दुसरी बाजू लावली. तिथंही मीच.

"तुझं ते शिक्षण?"

"दुसऱ्याला घेतलं. सर म्हणाले, हे भाषण आहे, बोलणं नाही." तिनं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

"चूक माझी गे," मी म्हणालो. "ती बोलत होती, मीच बोलू दिलं नाय." मी घरचंच बोलतोय हे मला नंतर कळलं. मुलीला आधीच कळलं होतं, पण तिचा हात बटणाकडं गेला नाही.

"पुढच्या वर्षी परत घेतात?"

"घेतात. पण अण्णा, त्यासाठी तुम्ही नको..."

"मशीन दे. एक कोरी कॅसेट पण."

कोणती दोन बटणं एकदम दाबायची, ते तिनं दोनदा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनियनवरच स्वयंपाकघरात बसलो. मशीन तांदळाच्या डब्यावर ठेवलं. डाळीच्या डब्यामागं तिचा बेल्लाचा डबा सापडला. दोन्ही बटणं दाबली, आणि हुळी करत करत, ती जशी बोलायची तसं, आठवेल तेवढं सांगत गेलो. वग्गरणी करपली. बेल्ल घातलं.