साडेसात टनांची मजुरी

"साडेसात टन? अहो युसूफभाई, साडेसात टन कोळसा माझ्या वखारीत उतरायचा तेव्हा आख्खा ट्रक रिकामा व्हायचा! आणि तुमचं हे कपाटाएवढं धूड साडेसात टन?"

"आक्का, मशीन साडेसात टनाचंच आहे. मजुरी टनामागं ठरलीय. तुमच्या अशोकशेटनी ठरवलीय."

"अशोक भोळा आहे. मी नाही!"

हे चाललं होतं आमच्या गच्चीवर, मे महिन्याच्या उन्हात, भर दुपारी बारा वाजता. युसूफभाईंचा चेहरा लाल, माझा त्याहून लाल. हसू नका, चहा सांडेल. माझी फजिती मी सांगतेय ना? मग माझ्या चालीनं सांगू द्या.

तर माझा मुलगा अशोक. भोसरीला त्याचं वर्कशॉप. कधी नव्हे ती एका जर्मन कंपनीची मोठी ऑर्डर दारापर्यंत आलेली. त्यांचा साहेब वर्कशॉप बघायला येणार आणि उतरणार आमच्याकडे, चिंचवडला. आदल्या उन्हाळ्यात हा बाबा पुण्यातल्या हॉटेलातून उकाड्याला भिऊन तिसऱ्या दिवशी पळाला होता म्हणे. म्हणून अशोकनं ठरवलं, एखादी खोली नाही, सगळं घरच गार करायचं! सेंट्रल एसी! अहो, तेव्हा आमच्या आळीत फ्रिज बघायला माणसं येत होती.

अशोक साहेबाला आणायला मुंबईला गेला आणि जाताना म्हणाला, "आई, मजुरांवर तू फक्त लक्ष ठेव."

मी आणि फक्त लक्ष ठेवणार?

अहो, निम्मं आयुष्य मी पिंपरीत कोळशाची वखार चालवली. शाळेची पायरी चढले नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं शिकले आणि तराजूच्या काट्यावर आकडे. मापात मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता!

युसूफभाई कासारवाडीचे मिस्त्री. कामाला वाघ, जिभेनं मिरची. त्यांनी घरभर पत्र्याची भुयारं नेली होती, गार हवा जायला. त्यासाठी प्रत्येक भिंतीला एवढालं भोकाड पाडलेलं, की देवघरातून मोरीतलं दिसे. मशीन आदल्या दिवशी सोपान हमालानं आणि त्याच्या गड्यांनी चेनपुलीनं गच्चीवर चढवलं होतं. साहेब परवा येणार. आणि मी म्हणतेय, आधी टनाचा हिशोब!

"आक्का, हा तसला टन नाही. हा बर्फाचा टन आहे!" युसूफभाई ओरडले.

"बर्फाचा? मग कुठाय बर्फ? वितळला वाटतं उन्हात! का गोळेवाल्याला विकलात?"

"या अल्ला! अहो, गारव्याचा टन!"

"वा! काल लोखंडाचा, आज बर्फाचा, आता गारव्याचा. उद्या म्हणाल वाऱ्याचा टन!"

तेवढ्यात सूनबाई, आमची शैला, पदराला हात पुसत वर आली. बीएस्सी झालेली. "आई, टन म्हणजे ना..."

"तू गप! टन म्हणजे टन. कोळसा विकलाय मी!"

"पण आई..."

"खाली पोळ्या करपतायत!"

पोळ्या करपत नव्हत्या. पण गेली बिचारी.

मग मी हुकूम सोडला. मशीन खाली उतरवा. भोसरीच्या वजनकाट्यावर नेऊ आणि काट्यावर जेवढं भरेल तेवढ्याच टनांची मजुरी देऊ!

सोपाननं मुंडासं काढून डोकं खाजवलं. "आक्का, काल चढवलं, आज उतरवायचं, उद्या परत चढवायचं व्हय? आमची हमाली?"

"वजनावर देईन. काट्यावर जेवढं भरेल तेवढी!"

"तोला!" युसूफभाईही पेटले. "एकदा होऊनच जाऊ द्या, आक्का. तोलाच!"

अशी आमची वरात निघाली. टेम्पोत मशीन, मशीनला टेकून मी, हमाल कडेला लटकलेले, पुढं ड्रायव्हरशेजारी शैला आणि मागून सायकलवर तणतणत युसूफभाई. रस्त्यावरची माणसं विचारत होती, "आक्का, बिऱ्हाड हलवलं का?"

काट्यावर पोचल्यावर मी शैलाला, ड्रायव्हरला आणि सगळ्या हमालांना खाली उतरवलं. कुणी पाय ठेवून वजन वाढवायला नको! टेम्पोचं रिकामं वजन दारावर रंगवलेलंच होतं, ते तेवढं वजा करायचं. मी मात्र मशीनजवळची हलले नाही. तोल चालू असताना माल एकटा सोडायचा नाही, हा आमच्या वखारीतला नियम.

काटेवाल्यानं खिडकीतून आवाज दिला, "पाचशे वीस किलो!"

काय सांगू, मला असा आनंद झाला! टेम्पोतच उभी राहिले. "ऐकलंत? अर्धा टन आणि वर चिमूटभर! आणि हा माणूस साडेसात टनांची मजुरी मागतो. चोर आहे चोर!"

काट्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.  युसूफभाई ओरडत होते तोवर ठीक होतं हो. हातातला पाना त्यांनी हळूच पिशवीत टाकला.

"माझ्या बिरादरीचे लोक इथं काम करतात, आक्का. त्यांच्यासमोर चोर म्हणालात. शब्द मागं घ्या, नाहीतर भोकं तुमची तुम्ही बुजवा."

आणि पाठ फिरवून सायकलला हात घातला. आता आली का पंचाईत? परवा साहेब येणार आणि घराची चाळण झालेली!

तेव्हा शैला टेम्पोजवळ आली. यावेळी तिनं सुरुवातीला 'टन' हा शब्दच काढला नाही. हुशार पोरगी.

"आई, आपल्या गावच्या विहिरीवर पाच घोड्यांची मोटर आहे ना?"

"आहे. मीच बसवलीय."

"मग त्या घोड्यांना चारा कोण घालतं?"

  मी वळून मशीनकडं बघितलं.

"घोडे म्हणजे तिथं ताकद, आई. तसा इथं टन म्हणजे गारवा. दिवसभरात एक टन बर्फ वितळून जेवढं गार करील, तेवढा एक टन. जेवढा गारवा मोठा तेवढं काम मोठं, म्हणून मजुरी त्यावर."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

 शैला नुसती माझ्याकडं बघत राहिली. सोपान मुंडाशात तोंड खुपसून खोकत होता. तो खोकला नव्हता.

"बरं," मी म्हणाले. "मजुरी साडेसात टनांचीच."

युसूफभाई पाठमोरेच. सायकलच्या स्टँडला पाय लावलेला.

"आन् आमची?" सोपाननं संधी साधली. "उतरवायची, चढवायची, वजनावर. पाचशे वीस."

तेवढ्यात काटेवाला ओरडला, "अहो मावशी, त्या पाचशे विसात तुम्ही पण आहात! उतरा खाली, तुमचं वजन वजा करतो!"

जो काही हशा पिकला! ड्रायव्हरनं खिडकीतून हात घालून हॉर्नसुद्धा वाजवला मेल्यानं.

पुढं साहेब आला, आठवडाभर गारेगार घोरला, ऑर्डर मिळाली, ते सगळं पुढचं. त्या घटकेला सायकलचा स्टँड वर गेला होता आणि मी टेम्पोत उभी. दिलेला शब्द मागं घ्यायला मी कधी शिकलेच नाही. पण काट्यावर भरलेलं वजन कबूल करायला मी कधी लाजलेही नाही. म्हणून युसूफभाईंना ऐकू जाईल अशा आवाजात काटेवाल्याला म्हणाले,

"वजा काही करू नका हो, या भल्या मिस्त्रीच्या डोक्यावर आज सगळ्यात जड ओझं माझंच होतं, त्याचीही हमाली मीच भरते!"