टेकडीवरचं कोरडं आळं

आमच्या पळणाऱ्या मंडळींनी टेकडीवरच्या कडुनिंबाच्या रोपाला फसवलं. रोज भरलेली बाटली घेऊन वर पळायचं आणि पाणी रोपाला घालायचं, असं ठरलं होतं. आज मी शेवटी पोहोचलो. सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या, पण आळ्यातली माती पिठासारखी कोरडी आणि तिच्यात मुंग्या निवांत फिरत होत्या.

"काका, घोटभरच प्यायलो," सतीश हसला.

"सगळ्यांनी घोटभरच?"

घासाघीस करून मी धंदा उभा केला. समोरचा भांडतो, म्हणून सौदा जमतो. हे रोप भांडत नाही, नुसतं पान गाळतं. आता चारच उरलीत.

मी माझी बाटली ओतली. माती क्षणात ते पाणी प्यायली, पण काळी, ओली दिसू लागली.

बाकीचं पाणी कुणी प्यायलं? ते कळल्याशिवाय कुणी खाली पळायचं नाही.