माझ्या डोक्याचा फोटो

मी विलायतेला निघालो त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी उभी होती आणि माझी आय न्हाणीघराच्या दाराशी बसली होती. खाडीकाठच्या कोपरीतली आमची गल्ली इतकी अरुंद की टॅक्सी आत यायची नाही, म्हणून सगळी आळी बाहेर जमलेली. हार, नारळ, दह्याची वाटी, सगळा थाट होता. एवढी माणसं बघून माझा धाकटा भाऊ हेमू बिथरला आणि न्हाणीत शिरून त्यानं आतून कडी लावली. आय दाराला तोंड लावून त्याची समजूत काढत होती. "कोन नाय रं मारीत तुला. दादाला सोरायला आलेन लोकं."

शेवटी बाबा म्हणाले, "निघ तू. इमान थांबाचा नाय." दही शेजारच्या काकूनं हातावर घातलं. आयनं आतूनच हाक मारली, "नीट जा रं!" एवढाच तिचा निरोप, तोही दोन भिंती ओलांडून आलेला. टॅक्सीत बसल्यावर माझे डोळे भरले तेव्हा काकूला वाटलं, पोरगा घर सुटतं म्हणून रडतोय. मी रागानं रडत होतो. मी साता समुद्रापलीकडे चाललो होतो आणि हाही दिवस हेमूनंच खाल्ला होता.

ऐंशीचं दशक तेव्हा सरत आलं होतं. त्याच्या काही वर्षं आधी, हेमू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला खाडीकडून कोणीतरी नावानं बोलावतंय असं ऐकू यायला लागलं. आधी भगत झाला, लिंबं झाली, कोंबडी झाली. मग सरकारी इस्पितळ आणि गोळ्या. गोळ्यांनी आवाज गेले, पण हात थरथरायला लागले, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि पोहण्यात साऱ्या आळीला मागं टाकणारा हेमू उंबरा ओलांडताना अडखळायला लागला.

मी त्या वेळी बी.एस्सी. होऊन डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागलेलो. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात एम.एस्सी. कपड्यांना सॉल्व्हंटचा असा वास यायचा की मासळीच्या घरातही तो लपायचा नाही. फर्स्ट क्लास मिळाल्याचं सांगितलं तेव्हा आय म्हणाली, "बरा झाला. हेमूनं गोली घेतली का बग." ताप आला तरी, पाय मुरगळला तरी एकच ठरलेलं वाक्य. "तुला काय धाड भरलीय!" घरात जिताडा आला की त्याचं डोकं शिकणाऱ्या पोराला, हा आमच्याकडचा रिवाज. पहिलीपासून ते माझ्या ताटात पडत आलेलं. हेमू आजारी पडला आणि ते त्याच्या ताटात गेलं. मी एकदा मागितलं, तर म्हणाली, "तुझा डोका चालतंय की!" मी चोवीस-पंचवीस वर्षांचा बाप्या, माशाच्या डोक्यावरून जेवण टाकून उठलो.

पुढं मला स्कॉलरशिप मिळाली आणि लंडनमधल्या एका इस्पितळात मेंदूचे फोटो काढणाऱ्या विभागात मी रुजू झालो. कोपरीत बोलणं झालं, भावासाठी शिकतोय, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. तुम्ही कोपरीत मागं राहिलेले आजही तसंच समजता आणि सत्यनारायणाला माझं उदाहरण देता. तर ऐका. मला हेमूला बरं करायचं नव्हतं असं नाही, पण त्या विषयाकडे मी वळलो ते दुसऱ्याच हिशेबानं. आय दिवसभर ज्या डोक्याचा विचार करते, त्या डोक्याचा जाणकार मी झालो, की तिला माझं तोंड बघावंच लागेल. हेवा माणसाला किती अभ्यास करायला लावतो हे मला विचारा.

कामाचं सोप्या भाषेत सांगतो. औषध मेंदूत जाऊन नेमकं कुठं बसतं, हे कवटी न उघडता बघायचं. त्यासाठी आम्ही किंचित किरणोत्सर्गी असलेलं रसायन तयार करायचो. ते शिरेतून टोचून माणसाला एका मोठ्या कड्यासारख्या मशीनमध्ये निजवायचं, की कॉम्प्युटरवर मेंदूचं रंगीत चित्र उमटायचं. निरोगी माणसाच्या चित्रात मधोमध दोन लालभडक ठिपके दिसत. हेमूसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या चित्रात ते फिके पडत, कारण त्या जागा गोळीनं आधीच अडवलेल्या. किती जागा अडल्या की आवाज थांबतात आणि त्याहून किती जास्त अडल्या की हात थरथरायला लागतात, याचा शोध आमच्याकडे चाललेला. आमचं रसायन फार थोडा वेळ टिकायचं. तयार झालं रे झालं की ते घेऊन स्कॅनरकडे पळत सुटायचं. माझ्या पळण्याचं तिथं कौतुक व्हायचं. धक्क्यावरून बाजारापर्यंत मासळीची पाटी घेऊन पळणाऱ्या बाईच्या पोटी मी जन्मलेलो, त्यांना काय सांगणार!

पेशंटांबरोबर त्यांच्या आया यायच्या. एक म्हातारी आठवते. स्कॅनला जाण्याआधी आपल्या टक्कल पडत चाललेल्या मुलाचे उरलेले केस ती कंगव्यानं नीट बसवायची. मला काचेपलीकडून त्या माणसाचाही हेवा वाटायचा. संध्याकाळी बेडसिटमध्ये, म्हणजे भाड्याच्या एका खोलीत, परत यायचं, चिप्सबरोबर काटे नसलेला, चव नसलेला मासा गिळायचा. रविवारी फोन. आय कोपरीतल्या एसटीडी बूथवर येऊन बसलेली असायची. हेमू जेवला, हेमू झोपला, हेमूची गोळी बदलली. मग बूथवाल्याचा आवाज, "मावशी, आटपा." मी कसा आहे ते फोन ठेवता ठेवता, आणि त्याचंही उत्तर तीच देऊन टाकायची. "तू काय, बराच असशील."

तुलनेसाठी आम्हाला निरोगी माणसंही लागायची. एकदा मीच कड्यात जाऊन झोपलो. चित्र आलं तेव्हा आमचा गोरा प्रोफेसर पाठीवर थाप मारून म्हणाला, इतका सुरेख नॉर्मल मेंदू बऱ्याच दिवसांत बघितला नाही. मी ते चित्र मोठं छापून घेतलं, सुटीत कोपरीला आणलं आणि आयच्या हातात दिलं. नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. घराला स्लॅब पडलेला, टीव्ही आलेला, आयचे केस पांढरे झालेले. तिनं पदराला हात पुसून ते चित्र धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "ह्यो तुझा डोका?" मी हो म्हणालो. "आतून?" मी परत हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते काचेच्या फ्रेममध्ये देव्हाऱ्याशेजारी लागलं. त्या दिवसाइतका मी एम.एस्सी. झालो तेव्हाही खूश नव्हतो. हेमू त्याच्यापुढं उभा राहून विचारायचा, "दादा, हे लाल काय?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं, गोळी कुठं बसते तेही. आयला दाखवायला मी ते जरा मोठ्यानंच सांगत होतो.

पुढच्या रविवारी कल्याणहून दोघं पाहुणे आले, मुलीची आई आणि मुलीचे मामा. हेमूसाठी आयनं मुलगी बघितलेली! मला पत्ता नव्हता. त्याहून वर्मी लागलं ते हे की पस्तिशीकडे झुकलेल्या थोरल्याच्या लग्नाचं तिच्या मनातही आलं नव्हतं. चहा झाला. मामांनी घसा खाकरून विषय काढला. "मावशी, लोक बोलतात म्हणून विचारतो. पोराला मधी काहीतरी त्रास होता ना?"

आय उठली. तिनं फ्रेम काढली आणि मामांच्या मांडीवर ठेवली. "लोकांना काय काम! ह्यो बगा. लंडनच्या दाक्तरांनी पोराचा डोका आतून तपासला. साफ हाय. कुठं डाग दिसतंय तर सांगा."

मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. माझं ताट, माझा निघण्याचा दिवस, आणि आता माझं डोकंसुद्धा तिनं त्याला देऊन टाकलं होतं. आणि तिला त्यात खोटं काही वाटत नव्हतं. एका पोटची दोन पोरं, एकाचं साफ तर दुसऱ्याचंही साफच असणार, अशी तिची समजूत. मामा फ्रेम उलटसुलट करून माझ्याकडे वळले. "तुम्ही तर त्याच लाइनीतले. बरोबर आहे ना?"

तेव्हा आयनं माझ्याकडे बघितलं. असं पुरतं, डोळे न हलवता तिनं माझ्याकडे मी कळता झाल्यापासून बघितलं नव्हतं. ज्यासाठी मी इतका अभ्यास केला ते समोर होतं. नुसती मान हलवायची होती. हो म्हटलं तर कल्याणच्या त्या मुलीच्या गळ्यात न सांगितलेला आजार बांधला जाणार, आणि खरं बोललो तर आय जन्मात माझ्याकडे पुन्हा तसं बघणार नाही. त्यात, मी खरं बोललो असतो तर मुलीसाठी बोललो असतो की हेमूचा काटा काढायला, हेही मला सांगता येत नव्हतं. मी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

"ह्यो दादाचा डोका हाय," हेमू कोपऱ्यातून म्हणाला. "माझा नाय. मना गोल्या चालू हायत. माझ्यात हे लाल नाय दिसाचा." तो उठून आला आणि थरथरत्या बोटानं त्यानं मामांना ते दोन ठिपके दाखवले. "हितं गोली बसते. मंग आवाज येत नाय. सोरली का येतात."

मुलीच्या आईनं फ्रेम हळूच उचलून पलंगावर ठेवली, हेमूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघं निघाले. परत त्यांचा निरोप आला नाही. आय हेमूवर ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं पदरानं त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला होय म्हनायला काय धाड भरली होती?"

मी परत निघालो तेव्हा हेमू माझी बॅग घेऊन रस्त्यापर्यंत आला. तो असा कधी येत नसे. मी त्याला विचारलं, "का रे बोललास? लग्न झालं असतं ना." त्यानं बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"मना तुझा लय राग येतो दादा," तो म्हणाला. "तू नसतोस तवा आय तुझा नाव पन घेत नाय. तुझी तिला काळजीच नाय. मी हाललो तरी ती जागी होते, मोरीत गेलो तरी भायेर उभी र्‍हाते. लगीन जाला असता तर दोगी उभ्या र्‍हायल्या असत्या." मग हसला. "मना एक दिस तुझ्यासारका र्‍हायाचा हाय. कोनाला काय फिकीर नाय."

मी त्याला जवळ घेतलं, पण माझा हेवा काही गेला नाही, हे इथं लिहून ठेवतो. वाचणाऱ्यांना शेवट गोड लागतो म्हणून खोटं का लिहू? फक्त एवढं झालं, की ज्याच्या वाट्याला सगळं गेलं असं मी समजत होतो, तो माझ्या ताटाकडे बघत बसला होता, हे कळलं.

आता मी लंडनच्या उपनगरात छोटं घर घेतलंय. दुबईला, न्यू जर्सीला गेलेले आपले मित्र फोनवर विचारतात, कायमचं परत कधी? मी हसण्यावारी नेतो. मी नाही म्हणून इथलं काही अडत नाही. रजेवर गेलो तर दुसरा कोणीतरी ते रसायन घेऊन पळतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. कोपरीतही माझ्यावाचून काही अडत नाही. बाबा जाळी विणतात, आय बाजारात जाते, हेमू गोळी घेऊन दारात बसतो. पण तिथं अडत नाही याचा मला अजून राग येतो, रविवारी फोन ठेवल्यावर तर जास्तच येतो. घर कुठलं ते मला त्यावरूनच कळतं.