शिफारसपत्र आणि दिवाळे गावाची वाट

परदेशाच्या दिशेने मी केलेला पहिला प्रवास कोपरखैरणे ते दिवाळे गाव एवढाच होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होते आणि अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज भरत होते. कॉलेजातल्या मॅडमनी शिफारसपत्र बंद पाकिटात घालून, जोडावर सही करून दिलं होतं. ते न उघडता तसंच पाठवायचं होतं.

पण बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. शिक्का नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हे. शनिवारी त्यांनी पट्टी घालून पाकीट उघडलं, पत्राच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि त्यांवर साहेबांची हिरवी सही आणि गोल शिक्का घेऊन आले.

"आता कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची?"

मी रडायलाच लागले. सोमवारी अर्ज टपालात पडला नाही तर वर्ष जाणार होतं. आणि आत्याने आणलेलं स्थळ वर्षभर थांबणार नव्हतं.

रविवारी सकाळीच मॅडमच्या घरी जायला आम्ही दोघं बेलापूरच्या बसमध्ये बसलो. मला खिडकी मिळाली. रुंद, रिकामे रस्ते, नावांऐवजी नंबर असलेले सेक्टर, अर्धवट इमारतींच्या मागे चमकणारी खाडी. मी मनात आखत होते: दोन वर्षं वर्ग, मग परीक्षा, मग प्रबंध. खारफुटीवरचे पांढरे बगळे बघता बघता मला तिथे बर्फ दिसू लागला. शेजारी बाबा मांडीवर बॅग घट्ट धरून बसले होते.

बेलापूरला उतरून चालत गेलो. (आज जाणार असाल तर स्टेशनवरून रिक्षा करा, आणि सकाळीच जा, होड्या लागलेल्या असतात.) मॅडमचं घर दिवाळे गावात, खाडीलगत होतं. दारात त्यांची आई बोंबील वाळत घालत होती.

"कुनाची गो तू?"

"मॅडमची विद्यार्थिनी."

"मंग आत ये ना. उन्हात कशाला सुकतेस बोंबलासारखी?"

मॅडमनी कापलेलं पाकीट पाहिलं, मग साक्षांकित प्रती. बाबा उभेच होते. "मॅडम, चूक माझी आहे. पोरीची नाही."

मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "माझ्या मताला गोल शिक्का! प्राचार्यांनीही एवढा मान दिला नाही हो मला." मग माझ्याकडे वळल्या. "तू वाचलंस?"

"नाही."

"मग जा, होड्या बघ. मी नवीन लिहिते."

मी त्यांच्या आईशेजारी जाऊन बसले.

"लांब जातेस म्हनं? खायला काय भेटतं तिकडं?"

"माहीत नाही, आजी."

"माहीत नाय नि चालली!" म्हणत तिने वाळवलेल्या कोळंबीचे मूठभर सोडे वर्तमानपत्रात बांधून दिले. भरती चढत होती. एकेक होडी चिखलातून अलगद उचलली जात होती आणि मी कितीतरी वेळ तेच बघत राहिले.

परतताना बाबांनी एका हातात नवं पाकीट धरलं, दुसऱ्या हातात सोडे, शक्य तितके लांब. नेरूळ गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मी वाचलं होतं ते, झेरॉक्स काढताना."

"काय लिहिलं होतं?"

"गोपनीय आहे."

मग म्हणाले, "आत्याला कळवतो. स्थळ नको म्हणून."

अर्ज सोमवारी गेला. मीही गेले, आठ वर्षं बर्फात राहिले, प्रबंध पुरा केला आणि परत आले. सोडे मात्र पहिल्या थंडीतच संपले. आता मी इथेच शिकवते. बाबा थकलेत. परवा पुन्हा विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "गोपनीय."

हल्ली शिफारसपत्रं मी लिहिते. ती संगणकावरूनच जातात, पाकीट नसतंच. तरी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर विद्यापीठ येत नाही. हातात पट्टी घेतलेला कुणीतरी बाप येतो, आणि त्याला समजेल असं मी लिहिते.