चार नंबरची बाटली

माझी वहिनी सरकारी नोकरीत वास घेते. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक आधी हसतात, मग "म्हणजे नक्की काय करते?" असं विचारतात, आणि मी पुन्हा तेच सांगतो, कारण ती तेच करते. कारखान्यातून दुर्गंधी येते अशी तक्रार झाली, किंवा नळाच्या पाण्याला माशाचा वास मारतोय असं कुणी लिहून दिलं, की नमुना बाटलीत भरून तिच्या प्रयोगशाळेत येतो. वहिनी झाकण उघडते, हाताने वारा घालून वास नाकाकडे ओढते, डोळे मिटते आणि कागदावर लिहिते. बावीस वर्षं झाली. हुद्दा 'वरिष्ठ गंधविश्लेषक' असा भारदस्त आहे, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला 'सरकारी नाक' म्हणतात.

असं नाक घरात असणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. तिच्या कामाच्या आड येतो म्हणून घरात वासाचा साबण नाही, पावडर नाही, अत्तर तर औषधालाही नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा, बाहेर काही चापून आला की उंबऱ्यातच पकडला जातो. "ऑफिसात उशीर झाला," तो म्हणतो.

"झाला असेल," ती म्हणते. "आणि ऑफिसात बटाटा तळत होते. तेल तिसऱ्यांदा तापवलेलं होतं."

बाबांनी सत्तराव्या वर्षी सिगारेट सोडली ती डॉक्टरांचं ऐकून नाही, याच घरात राहायचं होतं म्हणून. मी पाट्या रंगवतो, त्यामुळे अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास. मला जेवायला खिडकीजवळची खुर्ची दिलेली आहे.

पण धिटाई काय ती नाकापुरती. एरवी वहिनी फार भित्री. अनोळखी माणूस समोर आला की ती अहवालासारखं बोलायला लागते. दूधवाल्याला एकदा म्हणाली होती, "उद्यापासून अर्धा लिटर कमी करण्यात यावं."

अशा बाईच्या कार्यालयात हुकूम आला की प्रयोगशाळा एक दिवस शाळेच्या मुलांसाठी खुली ठेवायची, आणि प्रत्येक विभागाने मुलांना हाताळून बघता येईल असं काहीतरी मांडायचं. काँक्रीट तपासणारे खूश झाले. त्यांच्याकडे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र होतं. मुलांना आणखी काय हवं? वजनमापवाल्यांनी अख्खा वर्ग एकदम तोलायचा बेत केला. वहिनी घरी आली आणि पायातल्या चपला न काढता खुर्चीत बसून राहिली.

"भाऊजी, मुलांशी काय बोलायचं असतं हो?"

"अगं वहिनी, मुलं आहेत ती. नमुने नाहीत."

"तेच तर. नमुने उलट उत्तर देत नाहीत."

तिने तपकिरी काचेच्या सहा बाटल्या तयार केल्या. आत कापूस, कापसावर दोन थेंब, बाटलीवर नुसता नंबर. एक नंबरला लिंबू, दोनला व्हॅनिला, तीनला लवंग, पाचला रबर, आणि सहा नंबरला साधं पाणी, कोण थापा मारतंय ते कळावं म्हणून. चार नंबरला पायमोजे. खरे मोजे नव्हेत. घामातून तयार होणारं एक आम्ल असतं, ते पार पातळ केलेलं. मुलांसमोर बोलायची भीती मोडायला तिने आधी रंगीत तालीम आमच्यावर घेतली.

बाबांनी दोन नंबर हुंगला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तर माझ्या थोरल्या बहिणीचं कपाट!"

"चूक. व्हॅनिला."

"अगं सूनबाई, पण तिच्या कपाटाला हाच वास होता."

"शून्य गुण, बाबा."

दादाने चार नंबर घेतला, एकदाच नाकाखाली धरला, आणि उठून आपले बूट गॅलरीत ठेवून आला. त्याला पूर्ण गुण मिळाले.

पाटी रंगवायचं काम अर्थातच माझं. आता मी पंधरा वर्षं सरकारी कचेऱ्यांसाठी 'हात लावू नये', 'आत येऊ नये', 'थुंकू नये' हेच रंगवत आलोय. हात सवयीने चालतो. त्या दिवशी सकाळी पाटी भिंतीवर चढली तेव्हा तिच्यावर ठळक अक्षरांत होतं, 'येथे वास घेऊ नये'. मी घाईघाईने शेवटचं खोडून 'घ्यावा' केलं. मग वहिनीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला चूक समजली: वासाच्या प्रदर्शनाशेजारी ओला तेलरंग! पाटी उचलून मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, काँक्रीटवाल्यांच्या दाराशी वाळत ठेवली. परिणाम असा झाला की दिवसभर मुलं तिथे वाकून वाकून फुटलेल्या ठोकळ्यांचा वास घेत होती. काँक्रीटवाल्यांनी त्यावर काही स्पष्टीकरणही द्यायला सुरुवात केली होती, असं ऐकलं.

वहिनीला जिन्याखालची खोली मिळाली होती. टेबलावर सहा बाटल्या, कोऱ्या चिठ्ठ्या, एक पत्र्याची पेटी, मागे फळा. कापूस बदलायला मी.

अकरा वाजता एका शाळेची सहावी आली. अडतीस मुलं आणि त्यांचे व्यायामशिक्षक, गळ्यात शिट्टी, स्वतःच जेमतेम चोवीस वर्षांचे. वहिनीने पाठ केलेलं भाषण एका दमात म्हटलं. "वास घेण्यात यावा. ओळखून बाटलीच्या नंबरासह चिठ्ठीवर लिहावा. पेटीत टाकावा. बोलू नये. शेजाऱ्याचं बघू नये. नाव लिहू नये."

मुलं निमूट रांगेने निघाली. लिंबू झालं, व्हॅनिला झालं, लवंग झाली. चार नंबरला मात्र रांग अडखळायला लागली. एक मुलगा वास घेऊन ताठ उभा राहिला, जणू कुणीतरी वर्गात आलंय. दुसऱ्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. दोन वेण्यांच्या एका मुलीने दोनदा वास घेतला आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या शाळेत आला होतात का?"

"नाही. बोलू नये."

"मग हे तुम्हाला मिळालं कुठून?"

वहिनीने पेटी उघडली आणि चार नंबरच्या चिठ्ठ्या मोजायला घेतल्या. मी शेजारी उभा राहून वाचत होतो. 'हेडसरांची खोली.' 'मुख्याध्यापकांचे कार्यालय.' 'सरांची केबिन, विशेषतः कपाटाजवळ.' 'हेडसरांच्या इथे, आपण एकटे असलो की.' अडतीसपैकी पस्तीस. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी 'मोजे' लिहिलं होतं आणि एकाने 'माहीत नाही, पण मी नव्हतो'.

दुसरं कुणी असतं तर पेटी गुपचूप मिटली असती. वहिनीने फळ्यावर सरळ अक्षरांत लिहिलं: 'बाटली क्रमांक ४. मुख्याध्यापकांची खोली, ३५.' तेवढ्यात तिचे साहेब मुलांबरोबर आलेल्या खुद्द त्या हेडसरांनाच चहा पाजून घेऊन दारात आले.

साहेबांनी फळा वाचला. ते वहिनीच्या कानाशी आले. "बाई, पुसा ते."

"पुसता येणार नाही, साहेब. मोजणी झालीय."

"अहो, पाहुणे आहेत!"

"आपल्या प्रशिक्षित माणसांतसुद्धा इतकी एकवाक्यता कधी आलेली नाही," वहिनी म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. साहेब नुसते बघतच राहिले. मीही.

हेडसर उंच, करड्या कोटातले, इस्त्रीसारखे सरळ. त्यांनी फळा सावकाश वाचला, चार नंबरची बाटली उचलली, हुंगली. "मोज्यांचा वास आहे, मान्य. पण माझ्या खोलीला कसलाही वास नाही. मी रोज आठ तास तिथे बसतो. मला कळलं नसतं?"

आणि इथे वहिनी अहवालाची भाषा विसरली. "म्हणूनच कळत नाही, सर! नाकाला फक्त नवीन काय ते कळतं. तोच तोच वास येत राहिला की नाक कंटाळतं आणि मेंदूला सांगायचंच सोडतं. थांबा, दाखवते. हे घ्या लिंबू. नाकाखाली धरा आणि वास घेत राहा. मुलांनो, दोनशेपर्यंत मोजा बघू!"

अडतीस मुलांनी छत हादरेल अशा आवाजात मोजायला सुरुवात केली. हेडसर बाटलीत नाक घालून उभे. ऐंशीला त्यांच्या कपाळावर आठी आली. दीडशेला भुवया वर गेल्या. एकशे नव्वदला ते लहान मुलासारखे ओरडले, "गेलं! लिंबू गेलं!"

वेण्यांच्या मुलीने बाटली हुंगली. "नाही सर. इथंच आहे."

हेडसरांनी बाटली खाली ठेवली आणि व्यायामशिक्षकांकडे वळले. "तुम्हाला येतो का हो माझ्या खोलीत वास?"

व्यायामशिक्षकांनी जोरात शिट्टी फुंकली. "मुलांनो, रांगेत!" मुलं आधीच रांगेत होती.

"किती वर्षं?" हेडसरांनी विचारलं. शेवटी तीच मुलगी म्हणाली, "सर, माझी ताई शाळेत होती तेव्हापासून."

हेडसर स्टुलावर बसले. कोटाची घडी मोडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "मला वाटायचं," ते म्हणाले, "मुलं माझ्यासमोर धाकाने श्वास रोखतात."

मला वाईटच वाटलं. वहिनीलाही वाटलं असावं, कारण ती वाकून त्यांना म्हणाली, "सर, खोलीला वास येतो म्हणजे तुम्हाला येतो असं नाही. उगम शोधू या. तुम्ही लेखी तक्रार द्या."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याच खोलीविरुद्ध."

त्यांनी तिथल्या एका कोऱ्या चिठ्ठीवर तक्रार लिहून दिली. खाली पूर्ण सही.

सोमवारी सकाळी आम्ही शाळेत पोचलो. वहिनीच्या हातात नमुन्यांची पेटी, माझ्या हातात स्टूल. बाहेरच्या खिडक्यांना मुलांची नाकं चिकटलेली. वहिनी गुडघ्यांवर रांगत खुर्ची, पडदा, पायपुसणं हुंगत चालली. हेडसरांनी आपणहून बूट काढून टेबलावर ठेवले. "आधी हे बघा. मला एकदाचं कळू दे."

वहिनीने दोन्ही बूट तपासले. "निर्दोष."

हेडसरांचे डोळे पाणावले, हे मी शपथेवर सांगतो.

मग ती लोखंडी कपाटापाशी थबकली. "यात काय आहे?"

"जप्तीचा माल," सर म्हणाले. "वर्गात धरलेला."

कपाट उघडलं. गोट्या, पाण्याची पिचकारी, रबरी बेडूक, तीन आरसे, एक खोटी मिशी. सगळ्यात खाली, करकचून गाठ मारलेली, पण कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली प्लास्टिकची पिशवी. वहिनीने मला खिडकी उघडायला सांगितली आणि गाठ सोडली. खिडकीवरची सगळी नाकं एकदम नाहीशी झाली.

आत गोलकीपरचे हातमोजे होते, सामना खेळून ओले झालेले तसेच बांधून टाकलेले. त्यांना हेडसरांच्या हातची चिठ्ठी टाचलेली होती: 'सातवी ब. गणिताच्या तासाला घालून बसला.' तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

"अरे, माझे!" दारातून आवाज आला. व्यायामशिक्षक धावत आत आले. "सर, मी घरी सांगितलं होतं चोरीला गेले म्हणून! आईने शोधायला अख्खं मैदान पालथं घातलं होतं."

"घालू नका," वहिनी म्हणाली, पण तोवर त्यांनी घातले होते.

"इथे नोकरीला लागल्यापासून दोन वर्षं तू माझ्यासमोर रोज येऊन उभा राहतोस," हेडसर म्हणाले. "तुला वास ओळखू आला नाही?"

"आला ना, सर. पण तो मला आपुलकीचा वाटायचा."

हातमोजे सातवीतल्या मुलाच्या मापाचे होते. घालताना गेले, निघताना निघेनात. साबण झाला, तेल झालं, हेडसरांनी आणि मी एकेक हात धरून ओढून पाहिलं. शेवटी कात्री आणायला माणूस पाठवला, आणि तो येईपर्यंत व्यायामशिक्षकांनी तास तसाच घेतला. मैदानावर मुलं त्यांच्यापासून वीस पावलं लांब उभी राहून कवायत करत होती. इतकी सरळ रांग त्या शाळेत कधी लागली नव्हती म्हणे.

खोली धुतली, कपाट उन्हात ठेवलं. आता मुलं काम नसतानाही हेडसरांच्या दारात येतात, खोल श्वास घेतात आणि "नाही सर, अजून काही नाही" असं सांगून पळतात. सर वर बघत नाहीत, पण त्यांच्या टेबलावर एक लिंबू असतं, असं ऐकतो.

वहिनीने वर पाठवायच्या अहवालात घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. दीड महिन्याने वरिष्ठ कार्यालयातून विचारणा आली: 'मुख्याध्यापकांची खोली' हे प्रमाणित गंधांच्या यादीत घ्यावे काय? तिने उत्तर धाडलं, सध्या नको, स्रोत नष्ट झाला आहे.

तेव्हापासून तिला शाळांची आमंत्रणं येतात आणि ती जाते. दूधवाल्याशीसुद्धा माणसासारखी बोलते. मुलं पत्रांबरोबर तिला बाटल्या पाठवतात: कुत्र्याचा कान पुसलेला कापूस, नव्या पुस्तकाचा कोपरा, कुणाच्या तरी आजोबांच्या टोपीचं अस्तर. गेल्या आठवड्यात एक रिकामी बाटली आली. सोबत ओळ होती, 'आत माझ्या दादाची जांभई आहे, जपून उघडा.' वहिनीने ती खिडकीशी नेऊन उघडली, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि कार्यालयाच्या कागदावर उत्तर लिहिलं: 'नमुना मिळाला. जांभई खरी आहे. दादाने दात घासावेत.'