टेबलाचा भोंगा

टेलरबाईंचा नवरा आयुष्यात कधी चुकला नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तसं म्हणणं होतं, आणि त्याच्या म्हणण्यापुढे घरात कुणाचं काही चालत नसे. मुलीच्या कॉलेजप्रवेशाची तारीख त्यानं चुकीची सांगितली, पोरीचं वर्ष वाया गेलं, तेव्हा चूक कॅलेंडर छापणाऱ्याची होती. खिळा ठोकताना भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा चूक पाइप बसवणाऱ्याची. पडलो तरी नाक वर, ही म्हण कुणीतरी त्याला बघूनच केली असावी. कागदाच्या कारखान्यात तो मोजमापाची यंत्रं सांभाळायचा. तिथले सोबती त्याला 'मायक्रोमीटर' म्हणत. ते कौतुकानं म्हणतात, असा त्याचा समज होता.

बाईंना एकतीस वर्षांत त्याच्याकडून एकच वाक्य ऐकायचं होतं. दागिना नको, सहल नको. "माझं चुकलं," एवढंच. हल्ली त्यांनी ती आशाही सोडली होती आणि मुकाट्यानं आपल्या मशीनवर पाय चालवत होत्या. शाळेचे गणवेश, दवाखान्यातल्या नर्सचे पांढरे एप्रन, कुणाच्या पडद्यांच्या कडा. मागच्या खोलीत, खिडकीखाली त्यांचं कापायचं टेबल होतं. सात फूट लांब, कमरेइतकं उंच, जाड प्लायवुडचं. गल्लीतलं एक कापडदुकान बंद झालं तेव्हा दुकानदाराच्या चार मुलांचे कपडे शिवून देऊन बाईंनी त्याच्या काउंटरची ती फळी मिळवली होती. तिच्यावर निळ्या शाईनं त्यांनी स्वतः इंच आखले होते. आणि डाव्या कडेला मुलीच्या फ्रॉकची लांबी, दर वर्षी एक रेघ, तिसऱ्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत. त्या रेघांना दुसरं कुणी हात लावलेला बाईंना खपत नसे.

नवरा निवृत्त झाला आणि त्याच्या रिकाम्या डोक्यात भोंगा शिरला.

तो त्याला 'हॉर्न सबवूफर' म्हणायचा. बाई भोंगाच म्हणायच्या. सिनेमात पूल उडाला की खुर्ची खालून हादरली पाहिजे, हा त्याचा ध्यास. बाजारातला डबा त्याला पसंत नव्हता. तो स्वतः बांधणार होता, फ्रिजएवढा. आत लाकडाची लांबलचक वाट घडी घालून बसवायची, तिच्या अरुंद टोकाला मोठा स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत गेलेलं तोंड. पँटचा पाय दुमडून पेटीत ठेवावा तसा प्रकार, एवढं बाईंना कळलं. कुठेही हवा गळता कामा नये, गळली की आवाज मेला, हे त्यानं त्यांना जेवताना रोज सांगितलं. बैठकीच्या खोलीत भुशाचा थर बसला, गोंदाचा वास पडद्यांत मुरला. बाई नाकाला ओढणी लावून एप्रन शिवत राहिल्या, कारण पांढऱ्या कापडावर भुसा बसला तर शिव्या त्यांनाच खायच्या होत्या.

मग मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि बाई दहा दिवस तिच्याकडे गेल्या.

परत आल्या तर मागच्या खोलीत खिडकीखाली एक घडीचं टेबल उभं होतं. पत्र्याचे पाय, वर गुळगुळीत पांढरा पत्रा. हात टेकला की डुगडुगायचं. बैठकीत कोपऱ्यात भोंगा तयार होता, काळा रंग लावून.

"माझं टेबल?"

"अगं, शेवटच्या दोन फळ्या कमी पडल्या. दुकानात त्या जाडीचा माल नव्हता. तुझा प्लाय एक नंबर निघाला, जुनं लाकूड ना! आतल्या घडीला लावलाय." आणि वर, "तुला नवीन आणलंय बघ. हलकं आहे. कंबर दुखते म्हणायचीस ना?"

"मला विचारायचं तरी."

"तू तिकडे दवाखान्यात. कशाला तुला त्रास?"

"त्यावर रेघा होत्या."

"कसल्या रेघा?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत. इतक्या वर्षांत ओरडून काय मिळालं होतं? चोर तो चोर वर शिरजोर, आणि हा तर वर उपकारही करत होता. त्यांनी पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

नवऱ्याचं नशीब असं, की हत्यारही त्यानंच त्यांच्या हातात दिलं. भोंग्याच्या तोंडाला काळ्या जाळीदार कापडाचं झाकण हवं होतं, इलास्टिक लावलेलं, काढता-घालता येणारं. "तुझ्या हातची सफाई कुणाला येणार!" म्हणाला. बाईंनी मापं घेतली, कापलं, शिवलं, बसवलं. नवऱ्याला ते काढता यायचं, पण पुन्हा बसवताना एक कोपरा हमखास सुटायचा. म्हणून तो त्याला हातच लावत नसे.

सकाळी तो बरोबर चाळीस मिनिटं फिरायला जायचा. दार लागलं की बाई झाकणाचा खालचा कोपरा सोडवायच्या, कतरणीच्या पोत्यातून मूठभर चिंध्या घ्यायच्या आणि लाकडी गजानं आत ढकलायच्या, पहिल्या वळणाच्या पार पलीकडे. रोज एकच मूठ. घाईनं शिवलेलं उसवतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. करड्या गणवेशाच्या चिंध्या, एप्रनच्या पांढऱ्या पट्ट्या, पडद्यांचं जाडंभरडं. कोपरा लावला की चहा ठेवायच्या. हे चांगलं वागणं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण त्या चाळीस मिनिटांसाठी त्या हल्ली गजराआधी जाग्या व्हायच्या.

पहिल्या दिवसांत भोंगा खरोखर हादरवायचा. कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, खिडकीची काच थरथरायची. आठवड्याभरानं बश्या गप्प झाल्या. नवरा संध्याकाळी लॅपटॉपवर आलेख काढायचा. छोटा माइक खुर्चीवर ठेवायचा आणि भोंग्यातून घूं असा लांबलचक आवाज सोडायचा.

"तीन डेसिबल गेले कुठे?"

बाई काज करत होत्या. "मला काय विचारता? मी अडाणी."

आधी चूक हवेतल्या ओलाव्याची होती. मग भिंतीची, मग अँप्लिफायर विकणाऱ्याची. त्याला फोनवर अर्धा तास झाडला. चौथ्या आठवड्यापर्यंत चुका करणाऱ्यांची यादी संपत आली. वहीची पानं आकड्यांनी भरली, ताटातलं जेवण गार व्हायला लागलं. एकदा बाईंनी त्याला भोंग्यावर हात ठेवून नुसताच बसलेला पाहिला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. त्यांना किंचित वाईट वाटलं. मग त्या मागच्या खोलीत गेल्या, पांढऱ्या पत्र्यावर कापड पसरलं, ते घसरून खाली पडलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

रविवारी कारखान्यातले सोबती आले. बोलावणं महिन्यापूर्वीच गेलं होतं, मागे घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. सहा जण, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या, पडदे ओढलेले. सिनेमातला पूल उडाला. भोंग्यातून गादीवर धपाटा मारल्यासारखा आवाज आला.

पुन्हा लावलं. पुन्हा धप्.

"मायक्रोमीटर," स्टोअरकीपर म्हणाला, "यापेक्षा आमचा मिक्सर जास्त हादरतो. हात दाखवून अवलक्षण रे!"

सगळे हसले. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. कानापर्यंत लाल झाला होता. तो उठला, दिवा लावला आणि मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच आहे. माझं चुकलं. वाटेच्या लांबीचा हिशोब चुकला माझा."

एकतीस वर्षं बाईंनी ज्या वाक्याची वाट पाहिली ते शेवटी आलं, आणि ते गेलं स्टोअरकीपरला. वर्ष वाया गेलेल्या पोरीला नाही, टेबल गेलेल्या बायकोला नाही. लाकडाच्या पेटीसाठी ह्याच्या घशातून शब्द फुटले. बाईंनी चहा दिला, साखर विचारली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर दोन्ही मुठी टेकून उभ्या राहिल्या. इतका राग त्यांना टेबल गेलं तेव्हाही आला नव्हता.

सोमवारी सकाळी तो फिरायला गेलाच नाही. "उघडतो," म्हणाला. भोंग्याची एकच बाजू त्यानं गोंद न लावता रबरपट्टी आणि स्क्रूंवर बसवली होती, पुढेमागे दुरुस्तीसाठी. बाईंनी स्क्रूड्रायव्हर स्वतः त्याच्या हातात दिला. गज आणि कतरणीचं पोतंही आणून शेजारी ठेवलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ह्या क्षणी त्यांना समोरच असायचं होतं.

चोवीस स्क्रू निघाले. फळी बाजूला झाली आणि चिंध्यांचा ढीग त्याच्या पायांवर आला. करडा, पांढरा, करडा. मागे आतल्या भिंतीवर निळे इंच दिसत होते, आणि कडेला रेघा, तीनपासून एकोणीसपर्यंत, एकही न कापलेली.

तो खाली बसला. चिंधी उचलली, उलटीसुलटी केली. पोत्याकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तू भरलंस हे?"

"मीच. महिनाभर. रोज एक मूठ." बाईंनी करवंगळी रेघांकडे केली. "काल म्हणालात ना चारचौघांत? आता तेच म्हणा. त्या रेघांकडे बघून म्हणा."

त्यानं रेघांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला, कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तो उठून उभाच राहिला.

"म्हणजे हिशोब बरोबर होता!" तो म्हणाला. "अगं, हिशोब बरोबर होता माझा! मी चुकलोच नव्हतो!"

आणि स्टोअरकीपरला फोन लावायला तो खिडकीशी गेला.

बाई मागच्या खोलीतून खडू घेऊन आल्या. त्यांनी आयुष्यात खुणेशिवाय काहीही कापलं नव्हतं. भोंग्यापुढे मांडी घालून त्यांनी मुलीच्या रेघांपासून दोन बोटं सोडून सरळ रेघ मारली, वर आणि खाली, फुंकर घालून जादा खडू उडवला आणि नवऱ्याच्या हत्यारांतली करवत उचलली.

पहिल्याच खर्रकन आवाजाला त्याच्या हातातला फोन कानावरून खाली आला. "अगं ए! काय करतेस? हवा गळेल! मरेल तो!"

"ओरडू नका," बाई करवत न थांबवता म्हणाल्या. "शिलाईपुरतं सोडलंय."