निर्दोष खेळ अडकवल्याबाबत

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या सकाळी लातूरहून नांदेडला फोन लावून मी बाबांवर जशी ओरडले, तशी ओरडायला नको होती. झालं होतं एवढंच, की मी त्यांच्यासाठी बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ अँटीव्हायरसने अडवला होता. खेळ उघडायला गेलं की पडद्यावर लाल पाटी यायची. हा प्रोग्राम धोकादायक वाटतो, म्हणून बाजूला काढून ठेवला आहे.

“बाबा, खाली एक बटण आहे, परत आणायचं. ते दाबा, बस.”

“लाल पाटी आलीय,” बाबा म्हणाले. “लाल काही आलं की हात लावायचा न्हाई, असं तूच सांगितलेलं हाय.”

सांगितलं होतं, नाही कशाला म्हणू? कॉम्प्युटर मीच घेऊन दिलेला, अँटीव्हायरसही मीच टाकलेला. सुरुवातीला बाबा दिसेल त्या लिंकवर जायचे, तुम्हाला बक्षीस लागलंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला इमानदारीत उत्तर द्यायचे. दोन वर्षं कानीकपाळी ओरडून मी त्यांना लाल दिसलं की थांबायची सवय लावली. आता मीच म्हणत होते, दाबा. मी कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते, आणि घरी माझी ही गत.

एका खेळाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. उन्हाळ्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मागे राहिला. नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि त्यावर सही लागते. झटक्यानंतर आम्ही चौकशीला गेलो, तेव्हा बँकेतला माणूस भला भेटला. तो म्हणाला, “काका, सही नसंल जमत तर अंगठा चालतो की.” बाबा उठून बाहेर आले. घरी आल्यावर म्हणाले, “माझ्या बापानं जन्मभर अंगठा दिला. मी देणार न्हाई.” आजोबा अर्धापूरकडे दुसऱ्याच्या केळीत राबायचे. आमच्या घराण्यात सही करणारे बाबा पहिले. नोव्हेंबरच्या आत हाताने सही करावी, एवढं एकच मागणं होतं त्यांचं.

डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू ते चार वेळा दाबायचे आणि उशीखाली सारायचे. म्हणून मी तो खेळ केला. पडद्यावर केळीची बाग, दोन ओळींमधून चिंचोळी वाट, आणि वाटेवर एक देवणी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. माउस उजव्या हातात धरून गाईला पाण्यापर्यंत न्यायचं. हात थरथरला की गाय केळीत तोंड घालते आणि हंबरते. हंबरण्याचा आवाज माझाच. पहिल्यांदा ऐकून आई म्हणाली, “एवढी शिकलीस, आन् आता हंबरायला लागलीस होय?” बाबा चष्मा सावरून म्हणाले, “शिंगं चुकलीत. देवणीची अशी नसतात.” शिंगं मी तीनदा बदलली. मग मात्र त्यांना नाद लागला. सकाळचा चहा झाला की तासभर गाय. वाट अरुंद होत गेली तसा हात सरळ होत गेला. चौथ्या महिन्यात त्यांनी जेवणाचा घास उजव्या हाताने तोंडापर्यंत नेला, तेव्हा आईने मला फोन करून नुसतं “आज जेवले गं” एवढंच सांगितलं.

बाबा जन्मभर कारकून. त्यांना प्रत्येक गोष्टीची नोंद हवी. “किती मिनिटं बसलो, किती चुकलो, समदं रजिस्टरला लागलं पायजे, आन् तुला तिकडं कळलं पायजे.” म्हणून मी खेळात नवी सोय घातली. माउस कसा फिरला ते टिपून ठेवायचं आणि रोजची नोंद लातूरला मला पाठवायची. तिथंच मी माती खाल्ली. माणसाच्या हातांवर पाळत ठेवून गुपचूप बाहेर माहिती धाडणारे प्रोग्राम अगदी असेच वागतात. अँटीव्हायरसला कुणाच्या मनात काय आहे ते कळत नाही, तो चाल बघतो, आणि चाल चोरासारखी दिसली की धरून ठेवतो. त्यात हा खेळ घरी बसून एका बाईने केलेला, त्यावर ना कुठल्या कंपनीचा शिक्का, ना त्याला कुणी ओळखणारं.

हे सगळं मी फोनवर समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?”

“तुझ्यावर हाय. पण रिमार्क पडलाय. रिमार्क असताना कागद पुढं सरकत न्हाई.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी ओरडले. खेळ म्हणजे काय कचेरीतली फाइल आहे का, कुणाच्या रिमार्कची वाट बघताय, आणि असंच बरंच. त्यांनी फोन आईकडे दिला. नंतरचे पाच दिवस मी रुसून होते. सहाव्या दिवशी आई फोनवर हळू आवाजात म्हणाली, “हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिलेत. काल पाण्याचा तांब्या हातातून सुटला.” शनिवारी कॉलेज सुटल्या सुटल्या एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत नांदेड येईपर्यंत डोक्यात एकच, जायचं आणि बटण दाबायचं. दोन मिनिटांचं तर काम.

रविवारी सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. अडवून ठेवलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, माझ्या गाईचं. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, “काय करून राहिलीस?”

“दाबून राहिले.”

“दाब. पण मी त्याच्यासमोर बसणार न्हाई.”

“मग काय हात असाच जाऊ द्यायचा?” मी म्हणाले. “नोव्हेंबरात अंगठा द्यायचा?”

बोलून गेले आणि जीभ चावली. आई नुकतीच विहारातून आली होती, ती दारातच थांबली. बाबा ओल्या केसांनी खुर्चीत बसले. रागावलेले दिसत नव्हते.

“त्या खेळानं काय केलं म्हणून धरलं?”

“काहीच केलं नाही. चोरासारखं दिसतं म्हणून.”

“आन् तू बटण दाबलं की रिमार्क जातो?”

“जात नाही. आपल्या कॉम्प्युटरवर तेवढा तो चालायला लागतो. बाकी अँटीव्हायरसवाल्यांच्या दप्तरी धोकादायकच राहतो.”

टॉवेलने डोकं पुसणारा बाबांचा हात थांबला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला, आणि स्वतःची लाज वाटली. मी चौथीत असताना बाबा अकरा महिने घरी होते. एका तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड रूममधून जमिनीचं एक रजिस्टर गहाळ झालं होतं. चावी तिघांकडे असायची. निलंबित एकटे बाबा झाले. तिघांत आमचंच आडनाव ऐकून वस्ती ओळखता यायची. पुढे रजिस्टर एका कपाटामागे सापडलं. मग हुकूम आला, सेवेत परत घेण्यात येत आहे. एवढी एकच ओळ. रजिस्टर सापडलं, या माणसाचा दोष नव्हता, असं त्यात कुठेच नव्हतं. त्यानंतर बाबांनी रिटायर होईपर्यंत नोकरी केली, पण त्या विषयावर घरात अवाक्षर काढलं नाही. जिथं बदली व्हायची तिथं ती गोष्ट आमच्याआधी पोचलेली असायची, हे मला आईने सांगितलं, तेही माझ्या लग्नानंतर.

“मलाबी नुसतं चालू केलं होतं,” बाबा म्हणाले. “रिमार्क तसाच ऱ्हायला. मी लई दिवस वाट बघितली.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईने पाणी आणून दिलं. बाबा अवघडून खिडकीबाहेर बघत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “ह्याच्यावर अर्ज करता येतो का?”

करता येतो. अँटीव्हायरसच्या कंपनीला कळवायची सोय असते, की तुम्ही चुकून बिनधोक प्रोग्राम अडवलाय. सोबत तो प्रोग्राम जोडायचा, त्यांची माणसं उघडून तपासतात. हे मला माहीत होतं. पण बटण हाताशी असताना अर्ज करत बसतं कोण?

“मग आधी का न्हाई केलास?” बाबांनी विचारलं. मी कीबोर्ड पुढे ओढला.

अर्ज त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. विषय, निर्दोष खेळ अडकवल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, सदर खेळ माझ्या मुलीने माझ्या उजव्या हाताच्या उपचारासाठी तयार केला असून मी त्यास गेल्या चार महिन्यांपासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे. तो माझ्या हाताच्या हालचाली टिपून माझ्या मुलीस कळवतो, हे माझ्याच सांगण्यावरून आहे. तरी सखोल चौकशी करावी व निर्णय लेखी कळवावा. लेखी हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला. खाली, सोबत, खेळाची प्रत एक. मी एका डोळ्याने हसत होते आणि एका डोळ्याने रडत होते. इंग्रजी करताना त्यातला एक शब्द मी गाळला नाही, वर्तणूक चांगली आहे हेसुद्धा नाही. अर्ज गेल्यावर पडद्यावर एक नंबर आला. बाबांनी तो कॅलेंडरवर लिहून घ्यायला लावला.

“तवर चेंडू दाबतो,” ते म्हणाले. आणि खरंच दाबत राहिले. आई शेजारी बसून मोजायची.

उत्तर गुरुवारी आलं, कॉलेजात दोन तासिकांमधल्या सुट्टीत. फोन लावला तर बाबा म्हणाले, “आत्ता वाचू नको. छापून आण.” दोन दिवसांनी मी पुन्हा नांदेडच्या एसटीत होते, पर्समध्ये घडी घातलेला एक कागद घेऊन.

घरी पोचल्यावर मी त्यांना मराठीत सांगितलं. तुमचा प्रोग्राम आम्ही तपासला. त्यात धोकादायक काहीही आढळलं नाही. तो आमच्याकडून चुकीने अडवला गेला होता, ती चूक आम्ही दुरुस्त केली आहे. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. अशी उत्तरं ठरलेली असतात, सगळ्यांना तीच जातात. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

बाबांनी कागद मागून घेतला. इंग्रजी ते बोट ठेवून वाचतात.

“चूक त्यांची, असं लिवलंय?”

“हाव.”

“कोणत्या ओळीत?”

मी दाखवली. त्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ होतं. मग ते माझ्याकडे नाही, आईकडे बघून म्हणाले, “असं लेखी देतात मंजी.” आईने पदर डोळ्यांना लावला.

त्यांनी पेन मागितला. आईने सवयीने डाव्या हातात दिला, तो त्यांनी उजव्यात घेतला. प्रकरण मिटल्यावर कचेरीत हजारो कागदांवर लिहायचे तेच त्यांनी कोपऱ्यात लिहायला घेतलं, दप्तरी दाखल. अक्षरं कलत होती, पेन दोनदा घसरला. मी मदतीला हात पुढे केला तर आईने माझं मनगट धरून मागे ओढलं. खाली त्यांनी सही केली, झटक्यानंतरची पहिली. दम लागल्यासारखे मागे टेकले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“आडनाव येतं का वाचायला?”

“येतं, बाबा.”